एकवीस दात्यांचा डोळा

थर्माकोल २०१८ पासूनच बंद, तेव्हा यंदा गणपतीची आरास ‘टाकाऊतून टिकाऊ’ करायची, असं सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठरलं. आम्ही चौघांनी बाटल्यांच्या झाकणांचा पोपट करायचं अंगावर घेतलं. पोपटच का? तर हिरवी झाकणं सगळ्यात जास्त जमली होती म्हणून. (यावरचा विनोद ज्याचा त्याने करून घ्यावा. आमच्या बिल्डिंगमध्ये तो दीड महिना चालू आहे.)

एका मित्राने एक्सेलमध्ये चित्र काढलं. एक चौकोन म्हणजे एक झाकण. चार बाय तीन फुटांचं प्लाय, झाकण तीन सेंटिमीटरचं. आडवी ४०, उभी ३०, एकूण १२००. कागदावर पोपट इतका गोड दिसत होता की आता फक्त चिकटवायचंच काय ते बाकी, असं वाटलं.

मग आम्ही मंगल कार्यालयं धरली. वाढप्यांशी घरोबा झाला. एका लग्नात वाकून मुलीच्या आजीच्या पाया पडलो, तर शर्टाच्या खिशातून झाकणं खडखडत थेट तिच्या पायांवर. आजीने आशीर्वाद आवरता घेतला. घरी बाल्कनीत दोन पोती, पोत्यांना मुंग्या आणि मुंग्यांवरून बायको. “माणसं लग्नातून बुंदीचे लाडू आणतात,” एवढंच ती म्हणाली.

सुताराकडचा पांढरा डिंक लावून पहिल्या रात्री तीनशे झाकणं बसवली. सकाळी प्लाय उभं केलं आणि पोपटाने सगळी पिसं एकदम झाडली. हार्डवेअरवाल्याने झाकण नखाने वाजवून पाहिलं. “हे पॉलिथिलीन. याला डिंक धरत नाही हो, स्क्रू मारा.” म्हणजे १२०० स्क्रू! त्याने ते हसत हसत मोजून दिले.

खरी गंमत पुढेच. आम्ही दोघे डावीकडून निघालो, दोघे उजवीकडून. पाण्याच्या बाटल्यांची झाकणं बुटकी, शिवाय किंचित बारीक, हे एक्सेलला कुठून कळणार? झाकणामागे एक मिलिमीटर हुकला तरी ४० झाकणांत चार सेंटिमीटर जातात. पोपटाच्या मानेत समेट झाला तेव्हा मधे सव्वा झाकणाची जागा उरली होती. त्यामुळे आमचा पोपट शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात डोकावल्यासारखा दिसतो.

आणि जवळून तर तो दिसतच नाही, दिसतात नुसती झाकणं. वीस फूट मागे जावं लागतं, आणि पार्किंगमध्ये पंधरा फुटांवर सेक्रेटरीकाकांची स्कूटर.

राहिला डोळा. काळं झाकण काही मिळेना. शेवटी एकाच्या ड्रॉवरमधून बियरचं काळं पत्र्याचं बूच निघालं. ते कुठून आलं हे त्याच्या बायकोसमोर कुणी विचारलं नाही.

पहिल्याच आरतीला काकांची नजर नेमकी तिथे गेली. “बाप्पासमोर बियरचं बूच?”

“काका, विल्यम पेंटर नावाच्या अमेरिकनाने १८९२ मध्ये या बुचाचं पेटंट घेतलं,” एक्सेलवाला म्हणाला. “तेव्हा त्याला चोवीस दाते होते. पुढे कमी करून किती ठेवले, माहितीये? एकवीस. दूर्वा एकवीस, मोदक एकवीस. मोजा हवं तर.”

काकांनी चष्मा चढवला आणि डोळ्याला नाक लावून, बोटाने एकेक दाता मोजायला लागले. सतराला पोहोचले, थबकले. गोल वस्तूत सुरुवात कुठून केली तेच विसरले.

“एक,” ते पुन्हा म्हणाले. मागे आरतीचं तबक घेतलेल्या वहिनी वाट बघत होत्या.