आधी महिने मोजा, मग फी

परदेशात डॉक्टर होण्यावरच्या तुमच्या लेखात देशोदेशींच्या वैद्यकीय शिक्षणाची तुलना फक्त फीवर केली आहे. त्याआधी महिने मोजायला हवेत. परदेशी पदवीवर भारतात डॉक्टरकी करायची तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनुसार किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम, वर त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप आणि माध्यम इंग्रजीच. फिलिपिन्सचा घोळ नेमका इथेच होतो. तिथला एमडी (आपल्या एमबीबीएससारखी डॉक्टरकीची मूळ पदवी) चार वर्षांचा, म्हणजे ४८ महिने, ५४ पेक्षा कमी. त्याआधीचं बीएस, म्हणजे विज्ञानाची पदवी, आपल्याकडे वैद्यकीय शिक्षण म्हणून धरलंच जात नाही. एजंट मात्र दोन्हींची बेरीज करून दाखवतात. पालकांनो, कृपा करून पैसे भरण्याआधी कॉलेजच्या लेटरहेडवर एमडीचे महिने वेगळे लिहून घ्या! नीटची पात्रताही जाण्याआधीच हवी. परतल्यावर परदेशी पदवीधरांसाठी असलेल्या एफएमजीई या पात्रता परीक्षेत ३०० पैकी १५० गुण लागतात, ते पुढचं.