जपानी पाणी आणि मामाचे सुजलेले पाय

परवा मामाच्या घोट्यावर बोट दाबलं, तर खळगा तसाच राहिला. चार दिवस तो पहाटे उठून, तोंडही न धुता, चार पेले पाणी रिचवत होता. 'जपानी जलचिकित्सा' नावाचा मेसेज आमच्याच घरच्या ग्रुपवर फिरला होता ना! १६० मिलीचे चार पेले, उपाशीपोटी. बीपी आणि मधुमेह ३० दिवसांत, टीबी ९० दिवसांत, कॅन्सर १८० दिवसांत बरा. वर 'दुष्परिणाम शून्य, फक्त लघवीला जास्त जावं लागेल'.

त्या शून्याचं आधी बघू. मामाचं हृदय अशक्त आहे. डॉक्टरांनी चहा, ताक, आमटी धरून दिवसाला दीड लिटर ठरवून दिलंय, लघवीची गोळी चालू आहे. हृदय कमी पडलं की मूत्रपिंडं मीठ आणि पाणी धरून ठेवतात. ते पायांत उतरतं आणि फुप्फुसांत साचलं तर रात्री आडवंही होता येत नाही. डायलिसिसवाल्यांचंही पाणी असंच मोजून असतं. हे मेसेजमध्ये कुठे आहे?

धडधाकट माणसाला ६४० मिलीने काही होणार नाही, कबूल. निरोगी मूत्रपिंडं तासाला ८०० मिली ते एक लिटर बाहेर टाकू शकतात. पण 'पाणीच तर आहे, कितीही प्या' म्हणणाऱ्यांसाठी: २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, ते २००५ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'ने छापलं. १३ टक्के लोकांचं सोडियम घसरलेलं, तिघांचं तर जीवावर बेतेल इतकं. घामात गेलं त्याहून जास्त प्यायल्याने वजन वाढलेल्यांना धोका अधिक होता. रक्तातलं सोडियम असं पातळ झालं की पाणी पेशींत शिरतं, पेशी फुगतात. मेंदूला कवटीत फुगायला जागा नसते.

आता टीबी. तो जंतूंमुळे होतो आणि साधा असला तरी सहसा सहा महिने औषधं घ्यावी लागतात. मध्येच सोडली तर औषधांना दाद न देणारा टीबी उभा राहू शकतो. खोकला जरा कमी झाला की गोळ्या टाळणारे आपल्याकडे कमी आहेत का? त्यांच्या हातात हा मेसेज! कॅन्सरबद्दल तर बोलायचीही लाज वाटते.

मेसेजच्या शेपटीला आणखी एक दावा: जेवणावर गार पाणी प्यायलं की पोटात तेल गोठून आतड्याला थर बसतो. डिसेंबरात गोठलेलं खोबरेल तळहातावर वितळतं, जठर त्याहून गरम. १० अंशांचं पेलाभर पाणी ३७ अंशांवर आणायला शरीराला पाचेक किलोकॅलरी लागतात, पोळीच्या एका घासाएवढ्या. पुढे पित्त आणि पाचकरस त्या तेलाचं काय करायचं ते करतात.

बद्धकोष्ठाला पाणी थोडं उपयोगी पडतं, मुतखड्यावाल्यांना तर डॉक्टरच भरपूर प्यायला सांगतात. तेवढं खरं. त्याला जपान कशाला हवा?

हे सगळं ग्रुपवर टाकलं. मावशीचं उत्तर आलं, "अरे, पण कोमट प्यायलं तर?"

मावशे, कोमटही मोजूनच.