‘मॅगमीटर बसवा आणि विसरा’ म्हणे!

मॅगमीटर म्हणजे पाइपमधल्या द्रवाचा प्रवाह चुंबकीय क्षेत्राच्या मदतीने मोजणारा मीटर. मेंटेनन्सवाल्यांच्या ग्रुपवर त्याच्याबद्दल एक मेसेज फिरतोय: ‘मॅगमीटरमध्ये फिरणारा भाग नाही, त्यामुळे झीज नाही. कुठल्याही द्रवाला चालतो, लाइनवर कुठेही बसवा. अचूकता अर्धा टक्का. स्क्रीनवर दिसेल तो आकडा डोळे झाकून लॉगबुकात लिहा.’

फिरणारा भाग नाही, कबूल. पण आतलं लायनिंग गाळाने घासतं आणि व्होल्टेज टिपणाऱ्या इलेक्ट्रोडवर तेल-ग्रीसचा थर बसतो.

‘कुठल्याही द्रवाला’ हे मात्र साफ चूक. चुंबकीय क्षेत्रातून वाहक द्रव गेला की व्होल्टेज तयार होतं, या फॅरेडेच्या नियमावर हा मीटर चालतो. खुद्द फॅरेडेने १८३२ मध्ये लंडनच्या वॉटर्लू पुलापाशी थेम्सवर हा प्रयोग करून पाहिला, पण हाती धड काही लागलं नाही. द्रव वाहक हवा. बहुतेक मीटरना सेंटिमीटरला निदान ५ मायक्रोसीमेन्स इतकी वाहकता लागते. डिझेल, थिनर, खाद्यतेल बाद. बॉयलरचं डीएम (क्षार काढून टाकलेलं) पाणीही बाद, आणि ‘पाणीच तर आहे’ म्हणून लोक फसतात ते नेमके इथेच.

‘कुठेही बसवा’? मीटर मोजतो वेग आणि त्याला गुणतो पूर्ण पाइपच्या क्षेत्रफळाने. ईटीपीच्या (सांडपाणी शुद्धीकरण प्लांटच्या) आउटलेटला पाइप उतरत जाऊन टाकीत मोकळा सुटला असेल, तर तो अनेकदा अर्धामुर्धाच भरलेला असतो. मीटर तो भरलेला धरतो आणि पाणी जास्त दाखवतो. खालून वर चढणाऱ्या उभ्या तुकड्यात बसवला की ही कटकट मिटते. एल्बोला (पाइपच्या वळणाला) चिकटवू नका. आधी पाच व्यास तरी सरळ पाइप हवा, नंतर दोन-तीन. पीव्हीसी लाइन वीज वाहत नाही, म्हणून तिथे द्रवाला अर्थ करणारी अर्थिंग रिंग बहुतेक वेळा लागते.

अर्धा टक्का मिळतो तो पुरेशा वेगाला. ‘पुढे प्लांट वाढेल’ म्हणून तीन इंचीच्या जागी सहा इंची घेतला की वेग चौथ्या हिश्श्यावर येतो आणि कमी वेगाला चूक टक्क्यांत वाढत जाते. खरेदी विभागाला हे पटवणं हा वेगळाच व्याप.

खरा घोळ स्क्रीनवर. मीटरचा ट्रान्समीटर मोजलेला प्रवाह ४ ते २० मिलिअँपिअर करंटच्या रूपात वायरच्या लूपमधून पाठवतो आणि पीएलसी (प्लांट चालवणारा कंट्रोलर) त्याचा पुन्हा आकडा करून स्क्रीनवर दाखवतो. ट्रान्समीटरची रेंज ताशी ० ते १०० घनमीटर, पीएलसीत कुणीतरी ० ते १२० टाकलेली. लूपमध्ये १२ मिलिअँपिअर, म्हणजे बरोबर मधला सिग्नल, आले की मीटरवर ५०, स्क्रीनवर ६०. ट्रेंड व्यवस्थित वर-खाली होतो, त्यामुळे कुणाला संशयही येत नाही. कागदावर मात्र रोज वीस टक्के पाणी जास्त. मॉडबसवर (करंटऐवजी आकडा डिजिटल पाठवण्याची पद्धत) वेगळीच तऱ्हा: कम्युनिकेशन तुटलं की काही सिस्टिम शेवटचा आकडा धरून बसतात. ट्रेंडवर सरळ रेषा येते आणि ऑपरेटर म्हणतो, ‘आज फ्लो एकदम स्टेडी.’ खरा प्रवाह थोडा तरी थरथरतोच! बिघाड कळवायला ट्रान्समीटर ३.६ मिलिअँपिअरवर उतरला आणि पीएलसीत अलार्म लावलेलाच नसेल, तर तेही ‘शून्य प्रवाह’ म्हणून खपून जातं.

तपासायचं कसं? लूप कॅलिब्रेटरने (ठरावीक करंट सोडणाऱ्या उपकरणाने) ४, १२ आणि २० मिलिअँपिअर सोडा आणि स्क्रीन बघा. मीटरचा टोटलायझर (एकूण किती पाणी गेलं ते मोजणारा काउंटर) आणि स्क्रीनवरचा टोटल एकाच वेळी लिहून घ्या, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा लिहा. दोन्हींची वाढ जुळली नाही, तर मीटर काढून लॅबला धाडण्याआधी पीएलसीतलं स्केलिंग (टाकलेली रेंज) उघडून बघा.