जर्मन चॉकलेट केकमधला 'जर्मन' हा देश नव्हे, आडनाव

डिसेंबर जवळ आला की एक फॉरवर्ड हमखास फिरायला लागतो. तीन थरांच्या केकचा फोटो, थरांमध्ये खोबऱ्याचं सोनेरी सारण, बाहेरून काळंकुट्ट चॉकलेट, आणि खाली मजकूर: 'जर्मनीचा दीडशे वर्षांहून जुना शाही केक. टेक्ससमध्ये वसलेल्या जर्मन कुटुंबांनी तो अमेरिकेत नेला. अस्सल चवीसाठी कडू डार्क चॉकलेट आणि कंडेन्स्ड मिल्कच वापरा.' यंदा तो मला चार ग्रुपांवर आला आणि पाचव्यांदा एका गिऱ्हाईक बाईंनी पाठवला, 'अगदी असाच हवा' असं लिहून.

मी घरून केकच्या ऑर्डरी घेते, त्यामुळे हा माझ्या पोटापाण्याचा विषय आहे. नुसता इतिहास चुकला असता तर सोडून दिलं असतं. पण या तीन ओळींमधली पहिली चूक दुसरीला जन्म देते आणि शेवटी बिघडतो तो केक.

'जर्मनीचा' इथूनच सुरुवात करू. सॅम्युअल जर्मन नावाचा एक माणूस अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या डॉर्चेस्टरच्या 'बेकर्स' या चॉकलेट कंपनीत कामाला होता. १८५२ मध्ये त्यानं केक-बिस्किटांसाठी एक गोडसर चॉकलेट तयार केलं. साखर आधीच घातलेली, म्हणजे करणारीचं काम हलकं. कंपनीनं त्याच्याच आडनावानं ते विकायला काढलं: 'बेकर्स जर्मन्स स्वीट चॉकलेट'. त्यातला 'जर्मन्स'मधला 'स' म्हणजे आपला 'चं'. जर्मनचं चॉकलेट. पुढे लिहिता-बोलता तो 'स' गळून पडला आणि माणसाचा देश झाला. आपल्याकडे नागपूरकर आडनावाच्या गृहस्थांनी ठाण्यात मसाला काढला, तर तो नागपुरी होतो का? गंमत म्हणजे त्या नावातला 'बेकर'सुद्धा भट्टीवाला नव्हे. कंपनी सुरू करणाऱ्यांपैकी डॉ. जेम्स बेकर यांचं ते आडनाव. म्हणजे पाकिटावर दोन आडनावं शेजारी शेजारी, आणि जग दोन्ही चुकीची वाचतंय.

मग 'दीडशे वर्षांहून जुना' कुठून आलं? याच १८५२ मधून, असा माझा अंदाज आहे. ते साल चॉकलेटचं आहे. केकची कृती गाजली ती १९५७ मध्ये. त्या वर्षी ३ जूनला 'डॅलस मॉर्निंग न्यूज' या टेक्ससच्या दैनिकात रोजच्या पाककृतीच्या जागी 'जर्मन्स चॉकलेट केक' छापून आला. कृती पाठवणाऱ्या बाई डॅलसच्याच गृहिणी. नाव छापलं होतं 'मिसेस जॉर्ज क्ले', म्हणजे तेही नवऱ्याचंच. पूर्ण जगाला केक दिला आणि छापताना स्वतःचं नाव काही आलं नाही. असो. कृती पाठवणारी बाई म्हणजे शोधणारी बाई असं मी म्हणत नाही. तसा केक आधीही कुणाच्या तरी घरी झाला असेल. पण 'बेकर्स' तेव्हा ज्यांच्या मालकीचं होतं त्या 'जनरल फूड्स'नं ही कृती उचलली, देशभरातल्या वर्तमानपत्रांना पाठवली, आणि त्या चॉकलेटची विक्री ७३ टक्क्यांपर्यंत वाढली असं सांगतात. शाही थाट वगैरे यात कुठे बसत नाही. एका बाईंची कृती आणि एका कंपनीची जाहिरात, एवढंच.

टेक्ससमधल्या जर्मन कुटुंबांचा मुद्दा मात्र वरवर पटण्याजोगा आहे, म्हणून तो नीट बघायला हवा. टेक्ससमध्ये जर्मन वस्ती खरोखरच जुनी आहे. न्यू ब्राउनफेल्स १८४५ मध्ये वसलं, फ्रेडरिक्सबर्ग त्याच्या पुढच्या वर्षी. कृती छापली गेली तीही टेक्ससमध्येच. दोन आणि दोन चार करायचा मोह होतो. पण या केकच्या नावाला त्या लोकांची गरजच नाही, ते पाकिटावरून आलंय. आणि केकमध्ये काय काय आहे ते पाहा: ताकासारखं बटरमिल्क, डब्यातलं आटवलेलं दूध, खोबरं आणि पिकान. पिकान हा मूळचा उत्तर अमेरिकेतला, अक्रोडाच्या कुळातला दाणा; टेक्ससनं तर १९१९ मध्ये पिकानलाच आपलं राज्यवृक्ष ठरवलं. जर्मनीत खोबरं पिकत नाही म्हणून केक जर्मन नाही, असलं काही मी म्हणणार नाही. कोको तरी स्वित्झर्लंडमध्ये कुठे पिकतो? पण अमेरिकन घरातल्या फडताळात १९५७ साली जे होतं, तेच सगळं या केकमध्ये आहे. जर्मन केक हवाच असेल तर आपल्या प्रत्येक बेकरीत तो आहे: ब्लॅक फॉरेस्ट.

आता जिथे केक प्रत्यक्ष बिघडतो तिथे येऊ. 'कडू डार्क चॉकलेट' हा सल्ला थेट उलटा आहे. सॅम्युअल जर्मनच्या चॉकलेटचं वैशिष्ट्यच गोडपणा. त्यामुळे मूळ केक काळा होत नाही, फिकट तपकिरी होतो, आणि चॉकलेट मागे राहून खोबरं-पिकान पुढे येतात. ७० टक्के कोकोचं चॉकलेट घातलंत तर कडवटपणा सारण खाऊन टाकतो. मूळ चॉकलेट इथे सहज मिळत नाही, म्हणून मी ४५-५० टक्क्यांच्या आसपासचं घेते. साधारण ११५ ग्रॅम चॉकलेट अर्धा कप उकळत्या पाण्यात विरघळवायचं. अंड्यातले बलक आधी, आणि पांढरा भाग वेगळा फेटून शेवटी हलक्या हातानं मिसळायचा. बटरमिल्कच्या जागी पातळ ताक ओतू नका. अमेरिकेत दुकानात मिळतं ते दाट असतं. घट्ट दह्यात थोडं दूध घालून सारखं केलं की जमतं. आंबटपणा हवाच, कारण केकमधल्या सोड्याला फुलायला तोच लागतो.

आणि कंडेन्स्ड मिल्क. इथे माझा खरा राग आहे.

मूळ कृतीत इव्हॅपोरेटेड मिल्क आहे: निम्म्याहून जास्त पाणी आटवलेलं, साखर नसलेलं दूध. कंडेन्स्ड मिल्कमध्ये ४० टक्क्यांहून जास्त साखरच असते. दोन्ही डब्यात येतात, दोन्ही आटवलेली, म्हणून एकच समजायची? मूळ सारणात एक कप दुधाला एक कप साखर, तीन बलक, अर्धा कप लोणी. ते साखरेसह कंडेन्स्डमध्ये केलंत तर केकच्या मधे नारळाची वडी थापल्यासारखं होतं. साखर वगळली तरी मूळ चव येत नाही, कारण ते कस्टर्ड आहे, त्याला घट्टपणा बलकानं येतो. हे दूध घरी होतं: अर्धा लिटर दूध मंद आचेवर ढवळत साधारण कपभर उरेपर्यंत आटवा. बासुंदीच्या बरंच अलीकडे थांबायचं.

पहिल्यांदा मी हे सारण केलं तेव्हा दाराची बेल वाजली, गॅस तसाच मोठा राहिला. परत आले तर पातेल्यात गोड भुर्जी. गाळणीतून घासून पाहिलं, उपयोग झाला नाही, तीन अंडी आणि आटवलेलं दूध सिंकमध्ये गेलं. तेव्हापासून जाड बुडाचं पातेलं, लाकडी डाव, आणि बारा-पंधरा मिनिटं कुणी बेल वाजवली तरी जागचं हलायचं नाही. डावाच्या पाठीवर बोट ओढलं की रेघ तशीच राहायला हवी. मग उतरवून खोबरं आणि दाणे. इथेही आपली एक चूक होते, घरातल्या सुक्या वाटीचा कीस घातला जातो. तो तेलकट असतो, दोन दिवसांत खवट वास मारतो. डेसिकेटेड कोकोनट घ्या, तेही सारणात घालण्याआधी चमचाभर कोमट दुधात ओलसर करून. पिकान परवडत नसतील तर अक्रोड, पण भाजून आणि फडक्यात चोळून साल काढून, नाहीतर तुरट लागतात.

बाहेरून काळं चॉकलेट फासायचं का? सारण थरांवर आणि वर, बाजू उघड्या, ही जुनी पद्धत. पण यावर मी भांडणार नाही.

बाईंना यातलं काही लिहिलं नाही. फक्त विचारलं, मूळ हवा की फोटोतला? उत्तर आलं: 'अंडं चालणार नाही. पण अस्सल जर्मनच करा हं.' बिनअंड्याच्या ऑर्डरीला मी कंडेन्स्ड मिल्कच वापरते, दुसरा इलाज नाही. शनिवारी सहाला न्यायला येणार आहेत. डब्यावर 'खोबरं-अक्रोड चॉकलेट केक' लिहिलंय.