‘एस्क्वायर’ म्हणजे हुजऱ्या? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तिखट आहे, पण मुद्द्याला धरून आहे, त्यामुळे तिला दोन ओळींत वाटेला लावणं बरं दिसलं नसतं.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी: आजोबांच्या ट्रंकेत एक जुनं पाकीट सापडलं, त्यावर नावानंतर स्वल्पविराम देऊन ‘एस्क्वायर’ टाइप केलेलं होतं. मी गमतीनं लिहिलं की हा शब्द मुळात सरदाराच्या हुजऱ्याचा. तुमचं म्हणणं असं की ही इंग्लंडातली खानदानी पदवी, तिला नोकराच्या पंगतीला बसवणं म्हणजे अज्ञान, आणि मराठी करायचंच तर ‘शिलेदार’ म्हणायला हवं होतं.

‘हुजऱ्या’ मागे घेतो. त्या शब्दाला आपल्याकडे पुढेपुढे करण्याचा वास आहे, तो इथे नको होता. पण नोकरी मागे घेत नाही. लॅटिनमध्ये ‘स्कुटुम’ म्हणजे ढाल आणि ‘स्कुटारियुस’ म्हणजे ढाल वाहणारा. तो फ्रेंचमधून फिरत इंग्रजीत आला आणि स्क्वायर, एस्क्वायर अशी त्याची दोन रूपं झाली. काम काय, तर नाइटची, म्हणजे घोड्यावरून लढणाऱ्या सरदाराची, ढाल-भाला सांभाळायचा, घोडा बघायचा, चिलखताचे पट्टे आवळायचे. फक्त ही कामं करणारा पोरगा बहुतेकदा दुसऱ्या एखाद्या सरदाराचाच असे. साधारण सातव्या वर्षी ‘पेज’, चौदाव्या वर्षी ‘स्क्वायर’, एकविशीत ‘नाइट’, अशी ती उमेदवारी. म्हणजे नोकरी खरी आणि खानदानही खरं. आपण दोघंही अर्धे बरोबर.

इंग्रजी कवी चॉसरनं चौदाव्या शतकाच्या अखेरीस जो स्क्वायर रंगवला तो बघा. वय वीसच्या आसपास, कपड्यांवर पांढऱ्या-तांबड्या फुलांचं भरतकाम, फ्लँडर्सच्या मोहिमेवर जाऊन आलेला. आणि हा छानछोकी गडी जेवणाच्या वेळी वडिलांच्या पुढे उभा राहून मांस कापून वाढतो. वडील नाइट आहेत. वाढण्यात त्याला कमीपणा वाटत नाही, उलट कवीनं ते त्याच्या गुणांतच धरलं आहे.

खुद्द चॉसर दारूच्या व्यापाऱ्याचा मुलगा. राजाच्या पदरी आधी ‘व्हॅलेट’, म्हणजे सेवक, मग ‘एस्क्वायर’. 1386 साली निळ्या ढालीवरचा सोनेरी तिरका पट्टा नक्की कुठल्या घराण्याचा, या खटल्यात त्यानं साक्ष दिली. तिथे त्याच्या नावाला एस्क्वायर जोडलेलं आहे. ढाल वाहणाऱ्याच्या पदवीचा माणूस ढालीवरच्या भांडणात साक्षीदार! मला तरी हे फार आवडतं. खानदानाशिवायही एस्क्वायर होता येत होतं, हेही त्यातून दिसतं.

मग नोकरीची पदवी कशी झाली? यात पैशाचा मोठा हात आहे. नाइट होणं खर्चाचं आणि जबाबदाऱ्यांचं. इंग्लंडचे राजे तेराव्या शतकात ठरावीक उत्पन्नाच्या जमीनदारांना नाइट होण्याची सक्ती करत, टाळणाऱ्याला दंड करत. तरी पुष्कळ जण जन्मभर स्क्वायरच राहिले. उमेदवारीची पायरी हाच मुक्काम झाला, त्यांच्याही स्वतःच्या ढाली आणि चिन्हं आली. पुढे गावचा जमीनदार म्हणजे स्क्वायर, मग सरकारी हुद्देदार आणि बॅरिस्टर एस्क्वायर, शेवटी पाकिटावर कुणीही. अमेरिकेत तर आज वकील मंडळी, बायकासुद्धा, ते लावतात. आपलं ‘रा. रा.’ आठवा. राजमान्य राजेश्री. कुठला राजा मान्य करायला आला होता?

आता ‘शिलेदार’. फारसीत ‘सिलाहदार’ म्हणजे हत्यारं बाळगणारा, तिथपर्यंत जोडी जमते. पण मराठी फौजेतला शिलेदार स्वतःचं घोडं, स्वतःची हत्यारं घेऊन येई. सरकारी घोड्यावर बसे तो बारगीर. शिलेदार कुणाचे पट्टे आवळत नाही. शब्दशः बसतो तो ‘ढालाईत’. पण तो लिहिला असता तर निम्म्या वाचकांना कोश काढावा लागला असता, म्हणून मी यापुढे ‘स्क्वायर’च लिहीन.

आणि अनुवादाच्या अन्यायाचंच म्हणाल तर पत्ते काढा. फ्रेंच पत्त्यांत गुलामाला ‘व्हॅले’ म्हणतात. हा शब्द जुन्या फ्रेंचमध्ये सरदाराच्या पदरच्या उमद्या तरुणाला असे. तिथल्या बदाम गुलामाचं नाव ला हीर, जोन ऑफ आर्कच्या बरोबरीनं लढलेला सेनानी. त्याला आपण ‘गुलाम’ म्हणून राणीखाली टाकतो. मी निदान हुजऱ्याच म्हटलं होतं.

जाता जाता: गोव्यात 1958 पासून पोर्तुगीज अमलाच्या अखेरपर्यंत रुपियाच्या जागी जे ‘एस्कुदो’ चालले, त्याचाही अर्थ ढालच. सहा ढालींना एक रुपिया, असा बदलाचा भाव होता.

तुम्ही शेवटी विचारलंत, पाकिटावर नावाआधी ‘मिस्टर’ होतं का? रिवाज तसा पक्का आहे: पुढे मिस्टर लावलं तर मागे एस्क्वायर नाही. काल पुन्हा ट्रंक उघडून बघितलं. दोन्ही आहेत, आणि आजोबांचं आडनाव चुकलंय.