पाऊण इंची संकट

मासे पाळल्यानं रक्तदाब उतरतो, असं सांगणाऱ्यांच्या घरी एका वाडग्यात एक गोल्डफिश असतो. आमच्याकडे सहा बाय दोन बाय दोन फुटांची टाकी आहे. काठोकाठ भरली तर ६८० लिटर, म्हणजे नुसतं पाणीच ६८० किलो. शिवाय तिच्या तळाला चार भोकं आहेत. हौसेनं पाडून घेतलेली.

हे ऐकलं की पाहुणे खुर्ची जरा मागे घेतात. मग त्यांना समजावावं लागतं, की खालच्या कपाटात दोन कॅनिस्टर फिल्टर आहेत. म्हणजे घट्ट झाकणाचे डबे. एका पाइपनं टाकीतलं पाणी डब्यात उतरतं, स्पंजातून आणि सिरॅमिकच्या सच्छिद्र कड्यांमधून जातं आणि दुसऱ्या पाइपनं परत वर येतं. त्या कड्यांवरचे जिवाणू माशांच्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. वीज फार वेळ गेली तर तेच गुदमरतात. पाइप काठावरून लोंबत आणता येतात, पण हॉलची शोभा जाते. म्हणून भोकं. टाकी साध्या काचेची होती हे नशीब. टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेल्या काचेला ड्रिल लावलं की तिचा चुराच होतो. काचवाल्यानं भोकाच्या जागेभोवती कणकेचं आळं करून त्यात पाणी ओतलं आणि हिऱ्याच्या बिटनं सावकाश काच कापली. कणीक आमच्या घरची. बायकोनं बजावलं होतं, "अहो, उरली तर परत आणू नका."

इथवर सगळं ठीक होतं. मग प्लंबरमामा आले.

पेठेतल्या निम्म्या गच्च्यांवरच्या टाक्या मामांनी जोडल्यात. टँक निपल, म्हणजे टाकीच्या भोकात बसवून पाइप जोडायचे सांधे, त्यांच्या हाताखालून किती गेले असतील! त्यामुळे आल्या आल्या त्यांनी पिशवीतून हातभर पान्हा काढला. मी आडवा पडलो. "मामा, काच आहे. हातानं आवळायचं, वर फक्त पाव फेरा. आणि रबरी वायसर आतून, पाण्याच्या बाजूला, कॉलरखाली."

"साहेब, हातानं आवळतात ती लोणच्याची बरणी."

जोड बुजवायच्या सफेद्याचा डबाही मी परत पिशवीत ठेवायला लावला. माशांच्या पाण्यात नुसता टेफलॉन टेप. मामांचा चेहरा पडला.

मग त्यांनी फिल्टर उचलून पाहिला. "ही मोटर? ही पाणी चार फूट चढवणार?"

"चढवायचंच नाहीये, मामा. टाकी, पाइप, डबा सगळं आधीच भरलेलं. एका पाइपातून जेवढं पाणी खाली रेटतं, तेवढंच दुसऱ्यात वर रेटलं जातं. वजन तोलून धरलेलं असतं."

मामांनी क्षणभर विचार केला. "मग मोटर कशाला?"

घर्षण, स्पंजात साठणारा गाळ वगैरे मी बोललो, पण वादात मामा जिंकले होते.

मामांचा जीव काटकोनात. त्यांनी पाइप आधी वर, मग आडवा, मग परत खाली असा इतका देखणा नेला की तोडताना मलाच वाईट वाटलं. पण त्या वरच्या कमानीत हवा अडकते आणि फिल्टर रात्रभर गुळण्या करतो. शिवाय प्रत्येक नव्वद अंशांच्या एल्बोला, म्हणजे वळणाच्या जोडाला, पाण्याचा जोर घटतो. शेवटी पंचेचाळीसच्या एल्बोंवर तह झाला. बॉल व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी बंद करायची चावी, आणि युनियन, म्हणजे पाइप न कापता सुटणारा जोड, मात्र दोन्ही फिल्टरना वेगवेगळे. एक उघडून धुताना दुसरा चालू राहायला हवा.

खरी फजिती मापांची. फिल्टरची नळी आतून १६ आणि बाहेरून २२ मिलिमीटर. ती ज्यावर चढवायची तो होज निपल हवा होता. बोहरी आळीत, हार्डवेअरच्या बाजारात विचारलं, "सोळा मिलिमीटरचा होज निपल आहे?" दुकानदार म्हणाला, "अर्धा इंची की पाऊण?" मी पुन्हा मिलिमीटर म्हणालो, तसा तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. अर्धा इंची आणला तो सैल. पाऊण इंची नळीत शिरेना. मग चहाच्या पातेल्यात पाणी उकळून नळीचं टोक त्यात मऊ केलं, पाऊण इंचीवर दोघांनी मिळून रेटलं आणि वरून क्लिप आवळली. संध्याकाळी आई म्हणाली, "आज चहाला प्लॅस्टिकचा वास येतोय."

तळातली भोकं म्हटल्यावर खालच्या मजल्यावरचे काका आलेच. त्यांना मी टाकीतले उभे पाइप दाखवले. त्यांची तोंडं पाण्याच्या जेमतेम चार बोटं खाली. कपाटातली नळी निसटलीच तर पाणी तेवढंच जाणार.

"चार बोटं म्हणजे किती लिटर?"

"साधारण ८०."

"आणि ते आमच्या पंख्यावर."

मे महिन्यात हीच चार बोटं सांभाळायला रोज बादली लागते. पाणी उडून पातळी उतरली की पाइप हवा ओढतो. हे काकांना सांगितलं नाही.

पाइप चिकटवायचं सोल्युशन वाळायला एक दिवस द्यायचा, यावरून मामांशी आणखी एक चकमक झाली. मग सगळ्या जोडांखाली वर्तमानपत्र पसरून पाणी सोडलं. शेअरबाजाराच्या पानावर एक थेंब उमटला. मामा म्हणाले, "गच्चीवर याला लीकेज धरत नाहीत." मी हटलो नाही. जोड खोलला, टेप नव्यानं गुंडाळला, तेव्हा कागद कोरडा राहिला.

पैसे घेताना मामा टाकीकडे बघत जरा रेंगाळले. म्हणाले, "नातवाला अशीच एक करून द्यायचीय, साहेब. भोकं सोडून."