आइसलँडला सैन्य नाही, म्हणून त्याला संरक्षण लागत नाही?

"आइसलँडकडे सैन्य नाही, तो संरक्षणावर एक छदामही खर्च करत नाही, तरीही सुरक्षित आहे, म्हणजे छोट्या देशांना सैन्याची गरजच नसते", असा मजकूर वारंवार फिरतो. आइसलँडकडे स्वतःचे सैन्य नाही हे खरे आहे. जागतिक शांतता निर्देशांकात २००८ पासून तो अग्रस्थानी आहे, हेही खरे आहे. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला धोकादायक वाटतो, कारण या शांततेची किंमत कोणी आणि कशी मोजली हे त्यात सांगितलेलेच नाही.

खर्चाचा दावा लगेच निकालात निघतो. आइसलँडचे तटरक्षक दल सशस्त्र गस्ती जहाजे बाळगते आणि देशातील हवाई टेहळणीची चार रडार केंद्रेही चालवते. हा देश १९४९ साली नाटोचा संस्थापक सदस्य झाला, तेव्हा राजधानी रेक्याविकमध्ये संसदेसमोर दंगल उसळली होती, आणि १९५१ मध्ये त्याने अमेरिकेशी संरक्षण करार केला. आइसलँडमधील केफ्लाविकच्या तळावरून अमेरिकी फौजा २००६ मध्ये गेल्या, पण करार कायम राहिला, आणि २००८ पासून नाटोचे सदस्य देश आळीपाळीने आपली लढाऊ विमाने तेथे पाठवतात.

"इतक्या दूरच्या बेटावर कोण चाल करणार?" या प्रश्नाचे उत्तर इतिहासातच आहे. १९१८ मध्ये आइसलँडने कायमस्वरूपी तटस्थता जाहीर केली होती. तरीही १० मे १९४० रोजी पहाटे ब्रिटिश सैन्य रेक्याविकच्या बंदरात उतरले. सरकारने निषेध नोंदवला आणि पंतप्रधानांनी रेडिओवरून नागरिकांना, या सैनिकांना पाहुण्यांप्रमाणे वागवा, असे सांगितले. दुसरे काही करणे त्यांच्या हाती नव्हते. त्याच दिवशी तटस्थ लक्झेंबर्गमध्ये जर्मन फौजा शिरल्या. उत्तर अटलांटिकवर ताबा हवा असणाऱ्याला आइसलँड हवाच होता, त्यामुळे दूर असणे हेच त्याच्या संकटाचे कारण ठरले.

सर्वांत आवडीने सांगितला जातो तो कॉड मासेमारीचा संघर्ष: सैन्य नसलेल्या देशाने ब्रिटनच्या नौदलाला नमवले. ही हकिगत खरोखरच अभिमानास्पद आहे. १९७२ मध्ये आइसलँडने आपल्या राखीव मासेमारीची हद्द ५० सागरी मैलांवर नेली, आणि त्याची गस्ती जहाजे मागे लोखंडी कातर ओढत ब्रिटिश ट्रॉलरच्या, म्हणजे जाळे ओढत मासे पकडणाऱ्या जहाजांच्या, पाठीमागून आडवी जाऊ लागली. जाळ्याच्या जाड तारा तुटत आणि जाळे माशांसकट तळाशी जाई. १९७५ मध्ये हद्द २०० मैलांवर गेली, तेव्हा ब्रिटिश फ्रिगेट युद्धनौका आणि आइसलँडची जहाजे एकमेकांवर आदळली. खलाशांचे धाडस निर्विवाद होते; पण त्यामागे उभा होता केफ्लाविकचा तळ. सोव्हिएत पाणबुड्यांच्या अटलांटिकमधील वाटेवर तेथून नजर ठेवली जात असे, आणि तो बंद करण्याचा इशारा रेक्याविकने दिला होता. मित्रराष्ट्रांना तो गमावणे परवडणारे नव्हते, आणि जून १९७६ मध्ये ब्रिटनने माघार घेतली. या विजयाला लष्करी आधार होता. फक्त तो आधार परक्या सैन्याचा होता.

राहिला मध्य अमेरिकेतील कोस्टारिका, ज्याचे नाव याच मजकुरात जोडीने येते. त्याने १ डिसेंबर १९४८ रोजी सैन्य बरखास्त केले. त्याच महिन्यात निकाराग्वाच्या बाजूने सशस्त्र टोळ्या घुसल्या, तेव्हा त्याने सामूहिक संरक्षणाच्या रिओ कराराचा आधार घेऊन अमेरिका खंडातील राष्ट्रांच्या संघटनेकडे दाद मागितली.